अँडरसनची बहीण : नोंदवहीतील एक स्त्री

हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या परीकथा मराठी वाचकाला बालपणापासून परिचित आहेत. त्याची बहीण मात्र अपरिचितच राहिली. कारेन मारी (१७९९–१८४६) ही त्याच्या आईची विवाहापूर्वीची मुलगी. १८५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विस्तृत आत्मचरित्रात तिला स्थान नाही. तिचा शोध घ्यायचा तर साहित्य बाजूला ठेवून चर्चच्या नोंदवह्यांकडे वळावे लागते.

डेन्मार्कमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी ठेवण्याची सक्ती सतराव्या शतकाच्या मध्यापासून होती. १७८७ आणि १८०१ च्या जनगणनांत तर माणसे नावानिशी मोजली गेली. तरीही स्त्रीचा वंश शोधणे सोपे नाही. सामान्य कुटुंबांत आडनाव नसे. पित्याच्या नावाला ‘डॅटर’, म्हणजे मुलगी, हा शब्द जोडला जाई. आजी अ‍ॅन सोरेन्सडॅटर, आई अ‍ॅन मारी अँडर्सडॅटर, आणि कारेन मारीचा पिता डॅनियल रोसेनव्हिंगे. तीन पिढ्यांच्या स्त्रिया, पण नावांत एकही समान धागा नाही. मुलांना स्थिर कुलनाव द्यावे असा आदेश निघाला तो १८२८ मध्ये. पितृनामाच्या या पद्धतीत मातृवंशाची साखळी दर पिढीला तुटते आणि संशोधकाला ती हाताने पुन्हा जोडावी लागते.

जोडल्यावर दिसते ते दारिद्र्याचे सातत्य. आजीला विवाहाबाहेर तीन मुली झाल्या. आई ऑडेन्से येथे धुणे धुऊन जगली आणि १८३३ साली निराधारांच्या आश्रयगृहात वारली. अँडरसनचा स्वतःचा जन्मही, २ एप्रिल १८०५ रोजी, आईवडिलांच्या विवाहानंतर दोनच महिन्यांनी झाला. बहीण लहानपणी आजीकडे वाढली. पुढे ती कोपनहेगनला आली.

येथे साहित्याचा आणि नोंदवहीचा संबंध पुन्हा येतो. १८३६ च्या ‘ओ. टी.’ या कादंबरीत नायकाला भीती वाटते ती हीच : हीन अवस्थेतील एखादी बहीण समोर उभी राहील आणि आपले प्रतिष्ठित जीवन उद्ध्वस्त करील. कादंबरीत ती बहीण अखेर खोटी ठरते. सहा वर्षांनी, १८४२ मध्ये, खरी बहीण त्याच्याशी संपर्क साधते. अँडरसनने तिला व तिच्या जोडीदाराला काही पैसे दिले. नाते मात्र जाहीर केले नाही. आणखी चार वर्षांनी ती वारली.

यावरून लेखकाला दोषी ठरवावे, असे आम्हांला वाटत नाही. उमरावांच्या वाड्यांत पाहुणा म्हणून वावरणाऱ्या चांभाराच्या मुलाला आपले स्थान किती निसरडे आहे, याची पुरती जाणीव होती. परंतु त्या भीतीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न समीक्षेने विचारलाच पाहिजे. अनाथ, उपेक्षित जिवांना ज्याने कथेत अमर केले, त्याच्याच घरातील एक उपेक्षित जीव कथेबाहेर राहिला. आत्मचरित्र हे आठवणींचे तसेच निवडीचेही लेखन असते. काय गाळले, हे त्या पुस्तकातून कळत नाही. ते एखाद्या पाद्र्याने कर्तव्य म्हणून लिहिलेल्या दोन कोरड्या ओळींतून कळते. नोंद करताना त्याने कारेन मारीची योग्यता तपासली नव्हती. म्हणूनच ती आज आपल्याला सापडते.