स्वस्ताईमागचा इतिहास : घरी बांधलेल्या रेसिंग ड्रोनचे सुटे भाग



युनिटमधली तरुण पोरं आणि माजी सैनिक बांधवांची कॉलेजात जाणारी मुलं हल्ली एकच प्रश्न विचारतात : "एफपीव्ही रेसिंग ड्रोन घरी बनवायचा आहे, स्वस्तात कोणते पार्ट घेऊ?" एफपीव्ही म्हणजे डोळ्यांवर गॉगल चढवून, ड्रोनवरच्या कॅमेऱ्याला दिसतं तेच आपण बघत उडवणं. नुसती यादी दिली तर ती सहा महिन्यांत शिळी होते. त्यापेक्षा हे भाग स्वस्त कसे झाले ते समजून घ्या. पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे नाही, ते मग आपोआप कळतं.

सुरुवात ड्रोनच्या मेंदूपासून, म्हणजे फ्लाइट कंट्रोलरपासून करू. चार पंख्यांचं यंत्र स्वतःहून हवेत स्थिर राहत नाही. ते किती कलतंय हे जायरोने सेकंदाला शेकडो वेळा सांगावं लागतं. पूर्वी चांगला जायरो हौशी माणसाच्या खिशाला परवडत नसे. 2009 मध्ये निन्टेंडो कंपनीने आपल्या 'वी' या खेळासाठी मोशनप्लस नावाचं छोटं जोडयंत्र बाजारात आणलं, त्यात जायरो होता. हौशी लोकांनी ते उघडून आर्डुइनो बोर्डाला जोडलं आणि 2010 च्या सुमारास फ्रान्समधल्या एका हौशी माणसाने त्यासाठी 'मल्टीवी' हा प्रोग्रॅम लिहून सगळ्यांसाठी खुला केला. नावातला 'वी' त्या खेळण्याचाच. पुढे मोबाइल फोनमुळे असे सेन्सर कोटींच्या संख्येने बनू लागले आणि मातीमोल झाले. मल्टीवीतून बेसफ्लाइट, त्यातून क्लीनफ्लाइट आणि त्यातून आजचा बेटाफ्लाइट अशी ही वंशावळ आहे. म्हणून कंट्रोलर घेताना आधी बेटाफ्लाइट चालतो का ते बघा. 168 मेगाहर्ट्झचा एफ405 प्रोसेसर रेसिंगला पुरतो. एफ411 त्याहून स्वस्त मिळतो, पण त्यावर रिसीव्हर, व्हिडिओ आणि जीपीएस जोडायला पोर्ट कमी पडतात. सर्वांत महाग बोर्ड नवशिक्याला नको.

आता मोटर. या शतकाच्या सुरुवातीला हौशी विमानवाले भंगारातल्या सीडी ड्राइव्हच्या मोटरी काढत, त्यांना नव्याने तार गुंडाळत, ताकदवान चुंबक बसवत आणि त्यावर छोटी विमानं उडवत. आजच्या ब्रशलेस मोटरी त्याच कुळातल्या. मोटरवरचा 2207 हा आकडा म्हणजे आतल्या स्टेटरचा व्यास 22 मिलिमीटर आणि उंची 7 मिलिमीटर. केव्ही म्हणजे दर व्होल्टला किती फेरे. चार सेलच्या 14.8 व्होल्ट बॅटरीवर 2300 केव्हीची मोटर बिनभाराची मिनिटाला साधारण 34,000 फेरे मारते. सहा सेलच्या 22.2 व्होल्टवर 1750 केव्हीची मोटर 38,000 च्या वर जाते. म्हणजे केव्ही बॅटरी बघून ठरवायची. मोठा आकडा दिसला म्हणून घ्यायची नाही. चार मोटरी घेताना पाचवी घ्याच. रेसिंगमध्ये धडक होणार हे धरूनच चालायचं.

मोटरला वीज मोजून देणारा भाग म्हणजे ईएससी. पूर्वीचे ईएससी विमानांसाठी होते. विमानाला घाई नसते, चार पंख्यांच्या यंत्राला असते. म्हणून हौशींनी सायमनके आणि मग बीएलहेली हे वेगवान प्रोग्रॅम लिहिले. त्यातला बंदिस्त बीएलहेली-32 सगळीकडे पसरला आणि 2024 मध्ये त्याचं काम बंद पडलं. ज्यांचा सगळा साठा त्यावर होता, त्यांची पंचाईत झाली. खुला असलेला एएम32 मात्र चालू राहिला. फौजेत आपण स्पेअर कुठून येणार ते आधी बघतो, यंत्र नंतर. इथेही तोच नियम लावा.

बॅटरीवरच्या 'सी' आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. 1300 एमएएच आणि 75 सी म्हणजे कागदावर 97.5 अँपिअर. स्टिकर छापायला काही लागत नाही. नाव असलेली साधी बॅटरी घ्या, सेल 4.2 व्होल्टच्या वर चार्ज करू नका आणि 3.5 च्या आसपास आला की ड्रोन खाली उतरवा. फुगलेली बॅटरी बॅरेकमध्ये ठेवायची नाही. बॅटरीच्या तारांवर 35 व्होल्ट, 1000 मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर कपॅसिटर सोल्डर करा. चार मोटरींच्या झटक्यांपासून तो हजारोंचे बोर्ड वाचवतो. सगळ्या यादीत एवढ्या कमी पैशात एवढं काम करणारा दुसरा भाग नाही.

डोळा आला पाळत ठेवणाऱ्या सीसीटीव्हीतून. सुरुवातीचे एफपीव्ही कॅमेरे म्हणजे त्याच छोट्या पट्ट्या. अॅनालॉग चित्र मुरमुऱ्यासारखं दिसतं, पण उशीर फार कमी. 2019 मध्ये डीजेआयने स्वच्छ डिजिटल चित्र आणलं, ते अजूनही महाग आहे. शिकायला अॅनालॉग पुरे. कंट्रोलसाठी 2.4 गिगाहर्ट्झचा एक्सप्रेसएलआरएस घ्या. तोही खुला प्रोग्रॅम आहे आणि रिसीव्हर स्वस्त पडतो.

हे सगळे भाग एका पेटीत आले ते शर्यतीमुळे. 2014 मध्ये फ्रान्सच्या जंगलात झाडांमधून ड्रोन पळवल्याचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला. 2015 मध्ये अमेरिकेत सॅक्रामेंटोला राष्ट्रीय स्पर्धा झाली. मार्च 2016 मध्ये दुबईची मोठी स्पर्धा इंग्लंडच्या 15 वर्षांच्या ल्यूक बॅनिस्टरने जिंकली, त्याच्या संघाला अडीच लाख डॉलर मिळाले. शर्यत म्हणजे मोडतोड, मोडतोड म्हणजे मागणी. ती मागणी शेन्झेनच्या कारखान्यांनी उचलली आणि किमती कोसळल्या.

आपल्याकडे 2009 च्या 'थ्री इडियट्स'मधलं उडतं यंत्र आयआयटी मुंबईच्या मुलांनी काढलेल्या आयडियाफोर्जचं होतं, म्हणजे आपण मागे नव्हतो. पण ऑक्टोबर 2014 मध्ये नागरी ड्रोनवर बंदी आली, डिसेंबर 2018 मध्ये ती सैल झाली आणि ऑगस्ट 2021 मध्ये नवे ड्रोन नियम आले. 9 फेब्रुवारी 2022 ला तयार ड्रोनची आयात बंद झाली, सुट्या भागांची मात्र खुली राहिली. म्हणूनच दिल्लीचं लाजपत राय मार्केट, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातली पासोड्या विठोबाची गल्ली ही ठिकाणं या पोरांना पाठ आहेत. पाच इंची पंख्यांचा ड्रोन बॅटरीसकट 250 ग्रॅमच्या वर जातो, तेव्हा नोंदणीचे नियम वाचा. छावणी, विमानतळ आणि सीमेच्या आसपास विनापरवाना उडवायचा विचारही नको.

आता मुद्द्याचं. युक्रेनच्या युद्धात याच खेळण्याच्या भागांनी रणगाडे फोडले. 2023 च्या अखेरीस युक्रेनने पुढच्या वर्षी दहा लाख ड्रोन बनवण्याचं लक्ष्य जाहीर केलं. मार्च 2025 मध्ये आपल्या सेनेच्या एका ब्रिगेडने डीआरडीओच्या चंदीगडच्या प्रयोगशाळेसोबत रणगाडाभेदी एफपीव्ही ड्रोनची चाचणी यशस्वी केली. अभिमान वाटलाच पाहिजे. पण मोटरीतलं चुंबक कुठून येतं? एप्रिल 2025 मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. स्वस्ताई ज्याच्या हातात, वेळ आल्यावर गळाही त्याच्याच हातात.

म्हणून माजी सैनिक बांधवांना सांगणं आहे. पोराने ड्रोनसाठी पैसे मागितले तर "खेळण्यावर उडवतोस" म्हणून झिडकारू नका. अट एकच घाला : तयार पेटी नाही, सुटे भाग आणायचे आणि प्रत्येक भाग काय करतो, कुठे बनतो, बंद पडला तर त्याच्या जागी काय चालेल, हे वहीत लिहायचं. सीडीची मोटर उघडून तार गुंडाळणाऱ्यांनी हा सगळा उद्योग उभा केला. आपल्याकडे तशी तार गुंडाळणारी पोरं कमी नाहीत. त्यांच्या हातात सोल्डरिंग आयर्न देणारी वडीलधारी माणसं हवीत.

जय हिंद!