पुण्यातील क्रिकेट मैदानांचे स्थलांतर

पुण्यातील महत्त्वाचे क्रिकेट सामने गेल्या सुमारे पाऊणशे वर्षांत प्रामुख्याने तीन ठिकाणी खेळले गेले : लष्कर भागातील पुणे क्लबचे मैदान, स्वारगेटजवळील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम आणि मावळ तालुक्यातील गहुंजे येथील महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन स्टेडियम. यांपैकी पहिली दोन मैदाने आजही अस्तित्वात आहेत. ती मोडकळीस आली म्हणून सामने अन्यत्र गेले, असे झाले नाही. स्टेडियमचे आयुष्य त्याच्या बांधकामापेक्षा मालकी, आसनसंख्या, वाहतूक, पाणी आणि आर्थिक व्यवस्था यांवर अधिक अवलंबून असते, याचे हे स्थलांतर एक ठळक उदाहरण आहे. या स्थलांतराने शहराच्या मध्यभागी भरणारे सामने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या कडेला असलेल्या एका खेड्याच्या शिवारात नेले. त्यामुळे त्याचा परिणाम पुणे शहराबरोबरच मावळावरही झाला.

स्टेडियमचे आयुर्मान

स्टेडियमचे आयुर्मान दोन प्रकारे मोजता येते. पहिले बांधकामाचे आयुष्य. सिमेंट-काँक्रीटचे प्रेक्षासज्जे योग्य देखभाल असल्यास अनेक दशके टिकतात. दुसरे उपयोगाचे आयुष्य, म्हणजे ज्या दर्जाच्या सामन्यांसाठी ते बांधले त्या दर्जाचे सामने तेथे किती काळ होत राहिले तो काळ. बहुतेक ठिकाणी दुसरे आयुष्य पहिल्यापेक्षा लवकर संपते.

जगात याची दोन्ही टोके आढळतात. लंडनचे लॉर्ड्‌स मैदान १८१४ पासून आणि मेलबर्न क्रिकेट मैदान १८५३ पासून त्याच जागी आहे. सज्जे पाडून नवे बांधले गेले, पण जागा बदलली नाही. याउलट अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराचे किंगडोम हे छतयुक्त स्टेडियम १९७६ मध्ये सुरू झाले आणि २००० मध्ये स्फोटकांनी पाडण्यात आले. कॅनडातील माँट्रिऑलच्या १९७६ मधील ऑलिंपिक स्टेडियमचे कर्ज फेडण्यास २००६ साल उजाडले.

महाराष्ट्रात कोल्हापूरचे खासबाग कुस्ती मैदान दीर्घायुष्याचे उदाहरण म्हणून सांगता येते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९१२ साली तयार झालेल्या या मैदानाच्या मध्यभागी हौदा असून सभोवती उतरत्या क्रमाने प्रेक्षकांच्या बैठका आहेत. मैदान शहरातच आहे, खेळ तेथील लोकांचा आहे आणि देखभालीचा व्याप मर्यादित आहे. यामुळे शंभराहून अधिक वर्षांनंतरही तेथे कुस्त्या होतात.

पहिला टप्पा : पुणे क्लब

क्रिकेटच्या कारभाराच्या दृष्टीने महाराष्ट्र राज्यात तीन संघटना आहेत. मुंबई व विदर्भ यांच्या स्वतंत्र संघटना असून उर्वरित राज्याचा मोठा भाग पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे येतो. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राच्या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. त्या काळात पुण्यात मोठे स्टेडियम नव्हते. सामने जिमखान्यांच्या आणि क्लबांच्या मैदानांवर होत.

डिसेंबर १९४८ मध्ये पुणे क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील तेव्हाचा सर्वोच्च धावसंख्येचा डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम अवघ्या काही धावांवर असताना काठियावाडने सामना सोडून दिला. एवढ्या मोठ्या खेळीसाठी उंच सज्जे किंवा प्रकाशझोत लागले नाहीत. मात्र तिकीट काढून येणारा मोठा जनसमुदाय सामावून घेणे हे क्लबच्या मैदानाचे काम नव्हते. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या काळात ही मर्यादा निर्णायक ठरली.

दुसरा टप्पा : नेहरू स्टेडियम

सारसबाग आणि स्वारगेट यांच्या सान्निध्यात असलेले नेहरू स्टेडियम पुणे महानगरपालिकेच्या मालकीचे आहे. तेथे पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना ५ डिसेंबर १९८४ रोजी भारत व इंग्लंड यांच्यात झाला. दिलीप वेंगसरकर आणि माइक गॅटिंग यांनी या सामन्यात शतके काढली व इंग्लंडने तो जिंकला. शेवटचा सामना ३ नोव्हेंबर २००५ रोजी भारत व श्रीलंका यांच्यात झाला. एकवीस वर्षांत या मैदानावर ११ एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने झाले. कसोटी सामना एकही झाला नाही.

यांतील सर्वांत गाजलेला सामना १९९६ च्या विश्वचषक स्पर्धेतील आहे. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाचा संघ १६६ धावांत बाद झाला, परंतु त्याने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळून ७३ धावांनी विजय मिळवला. विश्वचषकाच्या इतिहासातील सर्वांत अनपेक्षित निकालांत त्याची गणना होते.

नेहरू स्टेडियमचे मोठे बलस्थान त्याची जागा हे होते. स्वारगेट हे शहर बससेवेचे आणि राज्य परिवहनाच्या गाड्यांचे प्रमुख स्थानक असल्याने पेठांमधील प्रेक्षक पायी आणि बाहेरगावचे प्रेक्षक एस. टी. ने येऊ शकत. तीच जागा पुढे अडचणीची ठरली. चहूबाजूंनी वस्ती व रहदारीचे रस्ते असल्यामुळे आसने वाढवण्यास आणि वाहनतळासाठी वाव नव्हता. याखेरीज मैदान महानगरपालिकेचे आणि सामने असोसिएशनचे अशी दुहेरी व्यवस्था असल्याने तिकिटे व मानार्थ प्रवेशिका यांच्या वाटपावरून मतभेद होत राहिले. परिणामी असोसिएशनने स्वतःच्या मालकीचे स्टेडियम उभारण्याचा मार्ग धरला. आंतरराष्ट्रीय सामने थांबले तरी नेहरू स्टेडियम बंद पडले नाही. स्थानिक खेळाडूंसाठी त्याचा वापर सुरू राहिला.

मुंबई व नागपूर येथील समांतर उदाहरणे

प्रवेशिकांच्या वादातून नवे स्टेडियम उभे राहण्याचा प्रकार मुंबईत आधीच घडला होता. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर १९३७ मध्ये बांधलेले ब्रेबोर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे होते. आसनांच्या वाट्यावरून क्लब व तेव्हाची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यात वाद होऊन शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने जवळच दुसरे स्टेडियम बांधले गेले. तेथे जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. ब्रेबोर्नवर १९७३ नंतरची कसोटी थेट डिसेंबर २००९ मध्ये झाली. वानखेडे स्टेडियमची २०११ च्या विश्वचषकापूर्वी मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी करण्यात आली. मुंबईत दोन्ही मैदाने चर्चगेट रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने मैदान बदलले तरी प्रेक्षकाची वाट बदलली नाही.

नागपुरात मात्र ती बदलली. सिव्हिल लाइन्स येथील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर १९६९ ते २००६ या काळात कसोटी सामने झाले. नोव्हेंबर २००८ पासून कसोट्या शहराबाहेर वर्धा मार्गावरील जामठा येथे हलवण्यात आल्या. पुण्याचे स्थलांतर याच प्रकारचे आहे.

तिसरा टप्पा : गहुंजे

गहुंजे हे पवना नदीकाठचे, मावळ तालुक्याच्या पूर्व सीमेवरील गाव आहे. मुंबईकडून द्रुतगती मार्गाने येताना उर्से येथील पथकर नाका ओलांडल्यानंतर, मार्ग किवळे येथे संपण्यापूर्वी हे स्टेडियम लागते. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. या मार्गामुळेच अशा ठिकाणी स्टेडियम उभारणे व्यवहार्य ठरले.

ब्रिटनमधील हॉपकिन्स आर्किटेक्ट्स या संस्थेने स्टेडियमचा आराखडा केला. १ एप्रिल २०१२ रोजी शरद पवार यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. पहिला आंतरराष्ट्रीय सामना २० डिसेंबर २०१२ रोजी भारत व इंग्लंड यांच्यात झालेला ट्वेंटी-२० सामना होय. आसनक्षमता सुरुवातीला ३७ हजारांच्या घरात होती. पुढे ती ४० हजारांच्या वर गेली.

पुण्यातील पहिली कसोटी येथेच फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत प्रत्येकी ३५ धावांत ६ बळी घेतले आणि भारत तीन दिवसांत ३३३ धावांनी हरला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने या खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला. ऑक्टोबर २०१९ मधील कसोटीत विराट कोहलीच्या नाबाद २५४ धावांच्या जोरावर भारताने दक्षिण आफ्रिकेला डावाने हरवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिचेल सँटनरच्या १३ बळींमुळे न्यूझीलंडने ११३ धावांनी विजय मिळवला व भारतात प्रथमच कसोटी मालिका जिंकली. २०२३ च्या विश्वचषकातील पाच सामने येथे झाले. केनिया-वेस्ट इंडिज सामन्यानंतर सत्तावीस वर्षांनी पुणे परिसरात विश्वचषकाचा सामना खेळला गेला.

वापराचे दिवस आणि अर्थकारण

वरील तीन कसोट्या अनुक्रमे तीन, चार आणि तीन दिवस चालल्या. म्हणजे २०१२ ते २०२४ या बारा वर्षांत गहुंजे येथे कसोटी क्रिकेटचे एकूण दहा दिवस झाले. एकदिवसीय, ट्वेंटी-२० आणि इंडियन प्रीमियर लीगचे सामने जमेस धरले तरी वर्षातील बहुतेक दिवस मोठे प्रेक्षासज्जे रिकामे असतात. हिरवळ, खेळपट्टी, वीज, सुरक्षा व कर्जाचे व्याज यांचा खर्च मात्र वर्षभर सुरू राहतो.

हा भार उचलण्यासाठी नामकरणाच्या हक्कांचा मार्ग अवलंबण्यात आला. स्टेडियमला ‘सुब्रत रॉय सहारा स्टेडियम’ असे नाव देण्यात आले होते. देय रकमेवरून वाद झाल्यानंतर २०१३ मध्ये ते काढले गेले. जानेवारी २०२० मध्ये थकीत कर्जापोटी बँकांच्या गटाने स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. त्यानंतरही तेथे सामने होत राहिले.

लीगचा आधारही अस्थिर असतो. पुणे वॉरियर्स इंडियाचा संघ २०१३ नंतर आणि रायझिंग पुणे सुपरजायंट्सचा संघ २०१७ नंतर स्पर्धेत राहिला नाही. २०१८ मध्ये कावेरी पाणीप्रश्नावरील आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने येथे आणण्यात आले. करोनाकाळात मार्च २०२१ मध्ये भारत-इंग्लंड यांच्यातील तीन एकदिवसीय सामने प्रेक्षकांविना झाले; २०२२ च्या हंगामात लीगच्या साखळी फेरीतील ७० पैकी १५ सामने गहुंजेला मिळाले. २०२३ पासून येथे महाराष्ट्र प्रीमियर लीग भरवली जाते. स्थानिक खेळाडूंना मोठ्या मैदानावर खेळण्याची संधी देणारी ही स्पर्धा वापराचे दिवस वाढवण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

पाण्याचा प्रश्न

मावळात पाणी हा संवेदनशील विषय आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेला येथील शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर झालेल्या आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला व तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत त्याच मार्गाच्या कडेला, त्याच नदीच्या खोऱ्यात गहुंजेच्या स्टेडियमचे उद्‌घाटन झाले. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. तथापि मैदानाच्या पाण्याकडे तालुक्यातील लोक कोणत्या दृष्टीने पाहतात, हे समजण्यासाठी ही पार्श्वभूमी आवश्यक आहे.

एप्रिल २०१६ मध्ये राज्यात तीव्र दुष्काळ होता आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागत होते. मैदानांवरील पाणीवापराच्या विरोधात दाखल झालेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे लीगचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. पुढे केवळ १ मेच्या गहुंजे येथील सामन्याला सवलत मिळाली. पुण्याच्या संघाचे उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला गेले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने स्टेडियमसाठी पवनेचे पाणी घेण्यास मनाई केली. ऑक्टोबर २०२४ मधील कसोटीच्या पहिल्या दिवशी उन्हात बसलेल्या प्रेक्षकांना पिण्याचे पाणी अपुरे पडले व असोसिएशनने दिलगिरी व्यक्त केली.

वाहतूक व परिसरातील बदल

स्वारगेटहून गहुंजेला पोहोचण्यासाठी संपूर्ण पुणे व पिंपरी-चिंचवड ओलांडावे लागते. पुणे-लोणावळा लोहमार्गावरील देहूरोड व बेगडेवाडी ही जवळची स्थानके असली तरी ती स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर नाहीत. त्यामुळे बहुसंख्य प्रेक्षक स्वतःच्या वाहनाने येतात. सामन्याच्या दिवशी किवळे, मामुर्डी व द्रुतगती मार्गाच्या परिसरात कोंडी होते. रात्री उशिरा संपणाऱ्या सामन्यानंतर स्वतःचे वाहन नसलेल्या प्रेक्षकाला परतणे अवघड जाते. जुने स्टेडियम पेठांतील विद्यार्थ्याला चालत जाण्यासारखे होते. नवे स्टेडियम मोठे आणि सोयीचे असले तरी त्याच्या आवाक्यापासून दूर गेले.

मावळाच्या पूर्व भागात गेल्या दोन दशकांत मोठे बदल झाले. शेतजमिनींवर गृहप्रकल्प उभे राहिले. गहुंजेचा समावेश पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट करावयाच्या गावांच्या प्रस्तावात झाला. या बदलांचे श्रेय किंवा दोष एकट्या स्टेडियमला देता येत नाही. द्रुतगती मार्ग, हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान, तळेगाव दाभाडेची औद्योगिक वसाहत आणि उर्से परिसरातील कारखाने ही त्यामागील मोठी कारणे आहेत. स्टेडियमने गावाचे नाव सर्वत्र पोहोचवले. कायम रोजगार मात्र कारखान्यांनी अधिक दिला, कारण कारखाना रोज चालतो आणि स्टेडियम निवडक दिवशी.

मूल्यमापन

नेहरू स्टेडियमचे आंतरराष्ट्रीय आयुष्य एकवीस वर्षांचे ठरले. गहुंजेच्या स्टेडियमने २०२२ मध्ये पहिले दशक पूर्ण केले. स्वतःची जमीन असल्याने मालकीचा जुना वाद येथे उरलेला नाही, पण त्याच्या जागी पाणी, कर्ज आणि प्रवास हे तीन प्रश्न उभे राहिले. पुण्याच्या अनुभवावरून असे दिसते की नवे स्टेडियम जुन्याच्या अडचणी सोडवते आणि जागेप्रमाणे नव्या अडचणी घेऊन येते. त्यामुळे स्टेडियम बांधताना ते किती प्रेक्षक सामावून घेईल, यासोबतच वर्षातून किती दिवस वापरले जाईल, प्रेक्षक तेथे कसे पोहोचतील आणि त्याचे पाणी कोणाच्या वाट्यातून येईल, हेही पाहणे आवश्यक ठरते.