वजनकाटा पुरेसा नाही : लठ्ठपणा कसा ओळखावा, कसा मोजावा

अंगाने भरलेला माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा, असे आपल्याकडे आजही समजले जाते. ज्या पिढ्यांनी अर्धपोटी दिवस काढले, त्यांना नातवाचे सुटलेले पोट सुबत्तेचे लक्षण वाटले तर त्यात नवल नाही. पण आज याच पोटामागून मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार घरात शिरत आहेत, आणि तेही ऐन कमावत्या वयात. एका पगारावर उभे राहिलेले घर कर्त्या माणसाच्या आजारपणाने पुन्हा मागे ढकलले जाते. म्हणून हा विषय दिसण्याचा नाही, समाजाच्या आरोग्याचा आहे. तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी तो नीट समजून घ्यावा, यासाठी आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

लठ्ठपणा म्हणजे काय?

शरीरात आरोग्याला अपाय होईल इतकी चरबी साठणे म्हणजे लठ्ठपणा. केवळ वजन जास्त असणे म्हणजे लठ्ठपणा नव्हे. वजनात हाडे, स्नायू, पाणी आणि चरबी असे सगळेच येते. अपाय करते ती जादा चरबी, आणि त्यातही पोटाच्या आत यकृत व आतड्यांभोवती साठलेली चरबी सर्वांत घातक असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. याच सर्वेक्षणात सुमारे १९ टक्के स्त्रिया आणि १६ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा कृश आढळले. म्हणजे एकाच देशात, कित्येकदा एकाच वस्तीत, कुपोषण आणि लठ्ठपणा शेजारी शेजारी नांदत आहेत.

बीएमआय कसा काढायचा?

वजन मोजण्याची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे बॉडी मास इंडेक्स, अर्थात बीएमआय. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. समजा उंची १६५ सेंटिमीटर (साधारण ५ फूट ५ इंच) आणि वजन ७० किलो आहे. १.६५ गुणिले १.६५ म्हणजे २.७२. सत्तरला २.७२ ने भागले की बीएमआय येतो सुमारे २५.७.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण तक्त्यात १८.५ ते २४.९ सामान्य, २५ पासून जादा वजन आणि ३० पासून लठ्ठपणा धरला जातो. भारतीयांसाठी मात्र डॉक्टर खालचे निकष वापरतात : २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. कारण आपल्याकडे कमी बीएमआयलाच मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका सुरू होतो. वरच्या उदाहरणातील व्यक्ती एका तक्त्याप्रमाणे ‘थोडी जाड’, तर दुसऱ्याप्रमाणे लठ्ठ ठरते. मोबाइलवरचे ॲप कोणता तक्ता वापरते, हे आधी पाहून घ्यावे.

हे आकडे प्रौढांसाठी आहेत. मुलांसाठी वय आणि लिंगानुसार वेगळे वाढ-तक्ते असतात. गर्भवती स्त्रियांनाही हा हिशोब लागू होत नाही.

बीएमआय कुठे चुकतो?

या सूत्राचे मूळ एकोणिसाव्या शतकातील बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांच्याकडे जाते. ते वैद्य नव्हते आणि रोग ओळखण्यासाठी त्यांनी ते मांडलेही नव्हते. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ साली अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. मोठ्या लोकसमूहाचा अंदाज घ्यायला हे सूत्र उपयोगी आहे, पण एकेका माणसाची चरबी त्यातून कळत नाही. व्यायामाने स्नायू कमावलेल्या तरुणाचा बीएमआय २६ येऊ शकतो, आणि चरबी मात्र कमी असते. याच्या उलट प्रकार आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हाच उलट प्रकार जगापुढे ठेवला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! अशा शरीरठेवणीला अभ्यासक ‘थिन-फॅट’ म्हणतात : हातपाय बारीक, स्नायू कमी, पण आत चरबी.

पुणे जिल्ह्यातील खेड्यांत डॉ. याज्ञिक यांच्या गटाने गर्भवती माता आणि नवजात बालकांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे स्नायूंनी फार कमी होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. पोटात असताना उपासमार सोसलेले शरीर पुढे भरपूर अन्न मिळाले की चरबी साठवते, आणि अशा व्यक्तींना मधुमेहाचा धोका वाढतो. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अपुरे अन्न आणि अतोनात कष्ट सोसले, त्याने या संशोधनाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. कालची भूक आज वेगळ्या रूपाने शरीरात दिसू शकते. ‘मी तर बारीकच आहे’ हे समाधान म्हणूनच पुरेसे नाही.

टेप घ्या, कंबर मोजा

पोटाची चरबी ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे शिंप्याकडची टेप. सरळ उभे राहावे, पावलांत थोडे अंतर ठेवावे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप लावावी. ती जमिनीला समांतर असावी, अंगाला टेकलेली पण आवळलेली नसावी. नेहमीसारखा श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढू नये.

भारतीय पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा (सुमारे ३५.५ इंच) आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा (सुमारे ३१.५ इंच) जास्त असेल तर धोका वाढतो. आकडे लक्षात राहत नसतील तर एक साधा नियम आहे : कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाची कंबर ८२.५ च्या आत हवी. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, कारण पुष्कळदा पँट पोटाच्या खाली बांधलेली असते.

जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगानेही सांगितले, की केवळ बीएमआयवरून लठ्ठपणाचे निदान करू नये. कंबरेसारखे माप घ्यावे आणि अवयवांवर परिणाम झाला आहे का, तेही तपासावे.

धोके कोणते?

पोटातील चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून सुटणारे स्निग्ध घटक यकृताकडे जातात, शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते आणि रक्तातील साखर वाढते. त्यातून टाइप-२ मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात आणि फॅटी लिव्हर असे आजार होतात. गुडघेदुखी, झोपेत श्वास अडकणे, स्त्रियांत पाळीच्या तक्रारी आणि काही प्रकारचे कर्करोग यांचाही लठ्ठपणाशी संबंध आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत.

बाबासाहेबांनाही मधुमेहाने ग्रासले होते. आजारी शरीराने त्यांनी केवढे काम उभे केले, हे आपण अभिमानाने सांगतो. वयाच्या ६५ व्या वर्षीच आपण त्यांना गमावले, हेही विसरू नये.

दोष माणसाचा की परिस्थितीचा?

‘खातो किती!’ असे म्हणून जाड माणसाची थट्टा करणे सोपे आहे. पण रेशनवर मिळतो तो तांदूळ आणि गहू. डाळ, भाजी आणि फळे महाग. पाच-दहा रुपयांत वेफर्सचे पाकीट मिळते, सफरचंद मिळत नाही. दोन-दोन तास प्रवास, बैठे काम, रात्रपाळी, अपुरी झोप, वस्तीत मैदान नाही आणि बाईमाणसाला एकटीने चालायला सुरक्षित रस्ता नाही. आनुवंशिकता, थायरॉइडसारखे आजार आणि काही औषधे यांनीही वजन वाढते. म्हणून टिंगल करू नये. अपमानाने वजन घटत नाही. माणूस तपासणीला यायचा मात्र थांबतो.

भोजनात मात्रा जाणणे

संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात कोसलचा राजा पसेनदी एका वेळी द्रोणभर भात खाऊन धापा टाकत भगवंतांकडे येतो. भगवंत त्याला उपास करायला सांगत नाहीत. भोजनात मात्रा जाणावी, एवढेच समजावतात. राजा सुदस्सन नावाच्या तरुणाला ते वचन पाठ करायला लावतो आणि प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणायला सांगतो. हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर येतो आणि शरीर हलके होते. यातली पद्धत आजही लागू आहे : उपासमार नाही, रोजची आठवण, सोबतीला एक माणूस आणि हळूहळू बदल. शरीर सुकवण्याचा मार्ग स्वतः भगवंतांनीच अनुभवाने सोडून दिला होता.

आधुनिक संशोधनही हेच दाखवते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात आहार आणि चालण्यातील बदलांमुळे मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तेही वजनात फारसा फरक न पडता. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडू नये, हा त्याचा अर्थ.

विहारात काय करता येईल?

१. विहाराच्या भिंतीवर उंचीच्या खुणा कराव्यात. एक वजनकाटा आणि एक टेप ठेवावी. स्त्रियांचे माप स्त्री कार्यकर्तीनेच, आडोशाला घ्यावे. कोणाचाही आकडा मोठ्याने वाचू नये.

२. तिशीपुढील सर्वांना सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखरेची तपासणी करून घ्यायला न्यावे. आशाताईंकडच्या तपासणी अर्जात कमरेचे माप असतेच. त्यांना विहारात बोलवावे.

३. आठवड्याला किमान १५० मिनिटे वेगाने चालणे आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. एकट्याने होत नसेल तर वंदनेनंतर गटाने चालावे.

४. खीरदान आणि भोजनदान जरूर करावे, पण साखर बेताची ठेवावी. जयंतीच्या स्टॉलवर गोड सरबतासोबत ताक, भिजवलेले चणे, काकडी, फळे ठेवावीत.

५. अष्टशील पाळून दुपारनंतर न जेवणाऱ्या उपासकांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. साखर एकदम उतरणे जिवावर बेतू शकते.

६. आठ दिवसांत वजन उतरवण्याची हमी देणारी पावडर, काढे यांपासून दूर राहावे. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड यांसारखी नवी इंजेक्शने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत.

आपल्या आधीच्या पिढ्यांनी अन्नासाठी, पाण्यासाठी आणि माणूसपणासाठी लढा दिला. त्या लढ्याने मिळालेले आयुष्य निरोगी जगणे आणि दुसऱ्याला जगायला मदत करणे हेही चळवळीचेच काम आहे. सुरुवात आजच, घरातल्या टेपने करावी.

जय भीम, नमो बुद्धाय.