देवाचे प्रतिरूप आणि माणसाची किंमत

श्रोतेहो, ख्रिस्ती धर्मशास्त्रातला हा विषय युनियनच्या माणसाने का घ्यावा, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आम्ही हे शास्त्र कोणत्याही विद्यापीठात शिकलेलो नाही. पाळी सुटल्यावर ग्रंथालयाचे दार बंद होईपर्यंत जेवढे वाचता आले तेवढीच आमची विद्या. पण माणसाची किंमत किती, हा प्रश्न मात्र आमच्या रोजच्या कामातला आहे. वेतनाचा करार असो की अपघाताची भरपाई, चार तासांच्या घासाघिशीनंतर बोलणे अखेर तिथेच येऊन ठेपते. ह्याच प्रश्नाचे एक फार जुने उत्तर बायबलमध्ये आहे, आणि त्या उत्तराचे पुढे काय काय झाले हे सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

बायबलच्या पहिल्याच अध्यायात देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचे घडवले असे विधान आहे. मराठी बायबलात तिथे ‘प्रतिरूप’ आणि ‘सदृश’ असे दोन शब्द येतात. मूळ हिब्रूत ते ‘त्सेलेम’ आणि ‘दमूत’ आहेत. पैकी ‘त्सेलेम’ हा मुळात घडवलेल्या पुतळ्यासाठी वापरायचा शब्द. 1979 साली सीरियातील तेल फेखेरिये येथे एक दगडी पुतळा सापडला. तो इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या एका अधिपतीचा आहे, आणि त्यावरील अरामी लेखात पुतळ्याला हेच दोन शब्द, अरामी रूपात, लावलेले आहेत. त्या काळी राजा जिथे स्वतः जाऊ शकत नसे तिथे त्याचा पुतळा उभा राही, म्हणजे सत्ता कोणाची हे लोकांना कळे. आणि खुद्द राजा हा देवाचा पुतळा! तुतनखामेन ह्या इजिप्तच्या राजाच्या नावाचा अर्थच ‘अमुनाची जिवंत प्रतिमा’ असा आहे. म्हणजे देवाचे प्रतिरूप ही राजाची पदवी होती. उत्पत्तीच्या पुस्तकाने ती उचलून सरसकट सगळ्या माणसांना दिली, आणि नर व नारी असा दोघांचा उल्लेख करून दिली.

ही देणगी किती मोठी होती हे शेजारच्या बाबिलोनियातल्या कथांशी ताडून पाहिल्यावर कळते. अत्राहासिस नावाचे एक जुने काव्य मातीच्या विटांवर लिहिलेले मिळाले आहे. त्यात आरंभी धाकटे देव थोरल्या देवांसाठी कालवे खणतात. वर्षानुवर्षे राबून ते थकतात, आपली अवजारे जाळतात आणि रात्री धन्याच्या, म्हणजे एन्लिल देवाच्या, वाड्याला वेढा घालतात. आमच्या माहितीत तरी हाच जगातला पहिला संप! त्यावर तोड अशी निघते की, देवांचे ओझे वाहायला माणूस नावाचा नवा मजूर निर्माण करावा. उत्पत्तीच्या पुस्तकाचे हे प्रकरण बाबिलोनच्या बंदिवासात किंवा त्यानंतर लिहिले गेले असे पुष्कळ विद्वान मानतात. तसे असेल तर, ज्या मुलुखात माणसाचा जन्मच बिगारीसाठी झाला असे सांगत, त्याच मुलखाची झळ सोसलेल्या लोकांनी त्याला राजाची पदवी दिली असे म्हणावे लागेल.

पुढे ख्रिस्ती लोकांनी हा शब्द घेतला आणि त्याला नाण्याची उपमा दिली. रोमच्या बादशहाला कर द्यावा की नाही असे येशूला विचारण्यात आले, तेव्हा त्याने नाणे मागवले आणि त्यावर प्रतिमा कोणाची आहे असे उलट विचारले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. इसवी सन 200 च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियनाने त्यावर असे भाष्य केले की, नाण्यावर बादशहाची प्रतिमा आहे म्हणून नाणे त्याचे, आणि माणसावर देवाची आहे म्हणून माणूस देवाचा. एवढ्यावरून माणूस माणसाच्या मालकीचा असू नये असे आपोआप निघते, असे तुम्हांला वाटेल. पण पुढे पावणेदोनशे-दोनशे वर्षे गुलामांचा बाजार चालूच होता, आणि ख्रिस्ती घरांतही गुलाम होते.

तो हिशेब उघडपणे मांडणारा माणूस म्हणजे निस्सा गावचा बिशप ग्रेगरी. आजच्या तुर्कस्तानातल्या कप्पादोकिया प्रांतातला हा धर्मगुरू. इसवी सन 380 च्या सुमारास उपदेशक नावाच्या पुस्तकावर तो प्रवचने देत होता. त्या पुस्तकात एक श्रीमंत राजा आपले बंगले, बागा, सोने मोजता मोजता आपण दास-दासीही विकत घेतल्याचे सांगतो. तिथे ग्रेगरी थांबला. त्याने विचारले, विकत घेतलेस म्हणतोस, तर किंमत काय दिलीस? देवाच्या प्रतिरूपाला किती नाणी मोजलीस? देवाने पृथ्वीचे स्वामित्व माणसाला दिले आहे. तेव्हा माणूस विकायला काढलास तर त्याच्याबरोबर सारी जमीन, बेटे आणि समुद्रही त्या सौद्यात आले पाहिजेत. आहे का तेवढा पैसा कोणाजवळ? मग तो खरेदीखताकडे वळतो आणि असल्या कागदाच्या चिठोऱ्याने तू धनी झालास काय असे विचारतो. धन्याचे दुखणेखुपणे, श्वास आणि मरणानंतरची माती गुलामाहून वेगळी नाही, हे तो एकेक करून मोजून दाखवतो.

प्राचीन काळच्या उपलब्ध लिखाणात गुलामगिरीच्या मुळावरच असा घाव घालणारे दुसरे प्रवचन दाखवणे कठीण आहे. ह्या माणसाच्या घरातही ह्या गोष्टीचा ओनामा झाला होता. त्याची बहीण मॅक्रिना हिने आईचे मन वळवून घरातल्या दासींना बरोबरीने वागवायला लावले होते. ते त्याने तिच्या चरित्रात लिहून ठेवले आहे. आम्हांला ह्या प्रवचनातला सौद्याचा तपशील फार मोलाचा वाटतो. आपल्याकडच्या 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गेला तर कमाईची शक्ती शेकडा 30 गेली आणि एका हाताची चार बोटे गेली तर शेकडा 50 गेली असे धरलेले होते. ते कोष्टक आम्ही कितीदा तरी कामगारापुढे ठेवले आहे, आणि त्याचा उपयोगही झाला आहे. कारण कायदा निदान एवढे तरी कबूल करीत होता की, ही किंमत कमाईची आहे, माणसाची नव्हे. बाजार ते कबूल करीत नाही.

पण चर्चने ग्रेगरीचे ऐकले नाही. पश्चिमेकडे वजन राहिले ते संत ऑगस्टीनचे. देवाने माणसाला पशूंवर सत्ता दिली, माणसावर नाही, हे त्यालाही मान्य होते. परंतु गुलामगिरी ही पापाची शिक्षा म्हणून जगात आली, तेव्हा ती सोसावी, असे तो म्हणे. शिवाय प्रतिरूप म्हणजे नेमके काय, तर मनुष्याचे मन, स्मृती, बुद्धी आणि इच्छा, असा अर्थ त्याने रूढ केला. हे विवेचन खोल आहे, पण आमच्या मते धोका इथेच शिरला. प्रतिरूप म्हणजे बुद्धी असे एकदा ठरले की, ज्याला हुकूम चालवायचा आहे तो समोरच्याची बुद्धीच नाकारतो. स्त्रियांच्या बाबतीत पंडितांनी तेच केले. आणि सोळाव्या शतकात अमेरिकेत तेच झाले.

कोलंबस गेल्यानंतर हिस्पानियोला बेटावर स्पॅनिश वसाहत झाली. तिथले मूळचे ताईनो लोक वतनासारखे वसाहतवाल्यांना वाटून दिले गेले आणि सोन्याच्या खाणींत राबून मरू लागले. 1510 साली डोमिनिकन पंथाचे काही साधू तिथे आले. त्यांनी वर्षभर हे पाहिले, आपापसांत चर्चा केली आणि एक प्रवचन सर्वांनी मिळून तयार करून त्यावर प्रत्येकाने सही केली. कोणा एकट्यावर शेकू नये म्हणून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, ही युक्ती आमच्या श्रोत्यांतल्या संघटनावाल्यांना नवीन नाही! बोलण्यासाठी त्यांनी आंतोनियो दे मोंतेसिनोस ह्यांना निवडले. 21 डिसेंबर 1511 ह्या रविवारी सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये, कोलंबसाचा मुलगा गव्हर्नर दिएगो समोर बसलेला असताना, त्यांनी विचारले: हे लोक माणसे नाहीत काय? त्यांना विवेकी आत्मा नाही काय? कोणत्या अधिकाराने तुम्ही त्यांना राबवता?

दुपारी बडी मंडळी साधूंच्या झोपडीवर चालून गेली. मठप्रमुख पेद्रो दे कोर्दोबा ह्यांनी शांतपणे सांगितले की, बोलले ते आम्ही सर्व. पुढच्या रविवारी मोंतेसिनोस शब्द मागे घेणार म्हणून चर्च भरले, तर त्यांनी तेच पुन्हा सांगितले. स्पेनचा राजा रागावला, पण 1512 च्या डिसेंबरात बुर्गोस येथे कायदे करावे लागले. खाणीत पाच महिने काम केल्यावर चाळीस दिवस विश्रांती, चार महिन्यांच्या गर्भारणीला खाणीतून सूट, अशी कलमे त्यांत आहेत. वाचताना कारखान्याच्या स्थायी आदेशांची आठवण होते. वेठ मात्र कायमच राहिली. 1537 साली पोप तिसरा पॉल ह्यांनी हे लोक खरोखर माणसे आहेत, त्यांचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावू नये, असे जाहीर केले. तरी 1550-51 मध्ये वाय्यादोलिद येथे त्याच प्रश्नावर वाद झाला. सेपुल्वेदा ह्या पंडिताने अॅरिस्टॉटलच्या आधाराने काही माणसे जन्मतःच दास असतात असे मांडले; बार्तोलोमे दे लास कासास ह्या धर्मगुरूने त्याला उत्तर दिले. पंचांनी स्पष्ट निकाल दिलाच नाही.

हे लास कासास स्वतः एके काळी ताईनोंचे वतनदार होते. 1514 साली त्यांनी ते वतन सोडले. ताईनोंचा भार हलका करण्यासाठी त्यांनी एकदा आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचनाही केली होती. पुढे तिचा त्यांना तीव्र पश्चात्ताप झाला आणि तो त्यांनी आपल्या इतिहासग्रंथात नोंदवला. पण तो ग्रंथ छापला गेला 1875 मध्ये. जोतीरावांनी आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली त्यानंतर दोन वर्षांनी.

ग्रेगरी धन्यांना सांगत होता, मोंतेसिनोस वतनदारांना. ज्याची किंमत होत होती तो ताईनो किंवा तो गुलाम ह्या कथेत आतापर्यंत बोललेला नाही. तो बोलला ती एक हकीकत सांगून आम्ही थांबणार आहोत. तिच्यात एक धागा आपल्या नागपूरचा आहे.

जेम्स लॉसन नावाचा एक तरुण काळा अमेरिकन मेथॉडिस्ट 1953 ते 1956 ह्या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात काम करीत होता. तिथे त्याने गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. परत गेल्यावर तो पाद्री झाला आणि पुढे मेम्फिस शहरात आला. त्या शहरात 1 फेब्रुवारी 1968 रोजी कचरागाडीच्या दाबयंत्रात सापडून दोन सफाई कामगार मेले. पावसापासून आडोसा म्हणून ते गाडीत शिरले होते. 12 फेब्रुवारीला सुमारे 1,300 कामगार संपावर गेले. जवळजवळ सगळे काळे. पूर्ण वेळ काम करूनही त्यांतल्या अनेकांचे घर सरकारी मदतीवर चाले, आणि साठीच्या माणसालाही गोरा मुकादम ‘बॉय’ म्हणून हाक मारी. महापौर युनियन मानायला तयार नव्हते. लॉसन संपाच्या मदत समितीचे प्रमुख झाले. माणसाला माणूस न समजणे हाच वर्णद्वेषाचा गाभा आहे, तुम्ही माणसे आहात, अशा अर्थाचे ते कामगारांपुढे बोलले. मग क्लेबर्न टेंपल ह्या चर्चमध्ये पाट्या छापल्या गेल्या. त्यांवर पगाराचा आकडा नव्हता, मागण्यांची यादी नव्हती. ‘मी माणूस आहे’ एवढेच शब्द होते. आम्ही आयुष्यभर मागण्यांची निवेदने लिहीत आलो. इतके आखूड निवेदन आम्हांला अजून साधलेले नाही.

मार्टिन ल्यूथर किंग ह्या कामगारांसाठी मेम्फिसला आले. देवाच्या प्रतिरूपात कमी-जास्त अशा पायऱ्या नसतात, हे ते 1965 पासून आपल्या प्रवचनांत सांगत होते. 4 एप्रिल 1968 रोजी त्यांचा तिथेच खून झाला. 16 एप्रिलला करार झाला: नगरपालिकेने युनियनला मान्यता दिली, वर्गणी पगारातून कापून देण्याचे कबूल केले आणि पगार थोडा वाढवला. त्यांतली एक पाटी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. पाट्या जिथे छापल्या ती चर्चची इमारत 28 एप्रिल 2025 रोजी आगीत जळाली.