खोकल्याच्या औषधाची कुळकथा

श्रोतेहो, खोकला सर्वांच्या परिचयाचा आहे; पण त्याच्या औषधाचा इतिहास मात्र फारसा कोणी चाळीत नाहीं. तो आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

आपल्याकडे चरकसंहितेंत खोकल्याला ‘कास’ म्हटलें असून त्याचे पांच प्रकार मानले आहेत. तीन दोषांचे तीन, छातीला इजा झाल्यानें होणारा चौथा आणि क्षयाचा पांचवा. कारण निरनिराळें, तेव्हां उपायही निरनिराळा, हा विवेक त्यांत आहे. त्याच ग्रंथांतील सितोपलादि चूर्ण आजही घरोघरीं असतें. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २ आणि दालचिनी १; प्रत्येक जिन्नस आधींच्याच्या निम्मा. विद्यार्थ्यांना भूमितिश्रेढी शिकवितांना याहून गोड उदाहरण मिळावयाचें नाहीं!

परसांतल्या अडुळशाची कथा तर याहून रंजक आहे. १८८८ सालीं हूपर नांवाच्या रसायनज्ञानें त्याच्या पानांतून ‘व्हॅसिसीन’ हें द्रव्य वेगळें काढलें. त्याच्या रचनेवरून पुढें ‘ब्रोमहेक्सीन’ तयार झालें व तें १९६३ च्या सुमारास वापरांत आलें. त्यापासूनच ‘अँब्रॉक्सॉल’ निघालें. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आपण हीं नांवें वाचतों, तेव्हां आजीच्या काढ्याचे नातूच आपल्या भेटीस आलेले असतात. चिकट कफ पातळ करून बाहेर पडूं द्यावा, हें या घराण्याचें धोरण.

युरोपांत दुसरें घराणें वाढलें. त्याचा मूळपुरुष अफू. मेंदूंतील खोकल्याचें केंद्रच गुंगवावयाचें, ही त्याची रीत. १८३२ सालीं रोबिके या फ्रेंच शास्त्रज्ञानें अफूपासून कोडीन वेगळें केलें. पुढें १८९८ सालीं एका जर्मन कारखान्यानें खोकल्यावरील उपाय म्हणून एक नवें औषध बाजारांत आणलें. त्याचें नांव हेरॉइन! कोरड्या खोकल्याला तें थांबवी खरें; पण रोग्याला कायमचें बांधून ठेवी. अमेरिकेनें १९२४ सालीं त्याच्या निर्मितीवर बंदी घातली.

परंतु सर्वांत मोठा घात या दोन्ही घराण्यांबाहेरच्या एका वस्तूनें केला. पातळ औषधाला गोडी व दाटपणा देण्यासाठीं ग्लिसरिनासारखीं द्रव्यें घालतात. ‘डायएथिलीन ग्लायकॉल’ हें कारखान्यांत वापरलें जाणारें द्रव्यही तसेंच गोड, रंगहीन आणि स्वस्त. पण तें मूत्रपिंडें निकामी करतें. १९३७ सालीं अमेरिकेंत सल्फाच्या एका पातळ औषधांत तें वापरलें गेलें व शंभरावर माणसें दगावलीं. विकण्यापूर्वीं औषधाची निर्धोकता सिद्ध केली पाहिजे, हा तेथील १९३८ चा कायदा त्यांतून जन्मला.

धडा इतका स्पष्ट असूनही तो पुनःपुन्हा विसरला गेला. १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत दूषित ग्लिसरिनानें चौदा रोगी मृत्युमुखीं पडले व न्यायमूर्ति लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. २०२२ सालीं गांबिया देशांत सुमारें सत्तर बालकें गेलीं. त्या संबंधांत भारतांत तयार झालेल्या चार पातळ औषधांविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें इशारा दिला. २०२५ सालीं मध्यप्रदेशांत, मुख्यत्वें छिंदवाडा जिल्ह्यांत, वीसाहून अधिक बालकें खोकल्याच्या औषधानें दगावलीं. त्या औषधांतही हेंच विष सांपडलें.

श्रोतेहो, हा इतिहास आपल्याला दोन गोष्टी शिकवितो. पहिली, कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपाची परीक्षा हा कारखानदाराच्या व सरकारच्या कर्तव्याचा प्रश्न आहे. ती टाळणें म्हणजे मुलांच्या जिवाशीं खेळ. दुसरी गोष्ट आपल्या हातची आहे. खोकला हा छातीचा पहारेकरी. त्याला उगीच गप्प करूं नये. लहान मुलाचा साधा सर्दीखोकला बहुधा आपोआप ओसरतो. वर्षाहून मोठ्या मुलाला थोडा मध द्यावा. वर्षाच्या आंतील बाळाला मात्र मध मुळींच देऊं नये. श्वासाला धाप लागली, ताप हटेना किंवा लघवी कमी झाली, तर विलंब न करतां डॉक्टर गांठावा. शेजारणीनें दिलेली अर्धी बाटली, ती कितीही गोड असली तरी, फळीवरच राहूं द्यावी.