दिवाळीच्या सुट्टीतलं बोर्डिंग



सहामाही परीक्षा संपली की चोपड्यातल्या शाळा दिवाळीसाठी बंद होतात. पण कुठल्याही शाळेतल्या बाईंना विचारा, त्या सांगतील की काही बाकांवरची हजेरी त्याआधीच गळायला लागलेली असते. कपाशी फुटलेली असते. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत वेचणी सुरू होते, आणि मजुरी करणाऱ्या घरात जितके हात तितके शेतात लागतात. सुट्टी म्हणजे फराळ आणि मामाचं गाव हे आपल्या घरांतलं चित्र. वेचणीला जाणाऱ्या पोरीला सुट्टी म्हणजे कामाचे दिवस.

आपल्या घरांत या सुट्टीला आणखी एक अर्थ आहे, आणि तो आपल्याला इतका सवयीचा झालाय की दिसतच नाही. चौमासा आषाढात बसतो आणि कार्तिकी पौर्णिमेला उठतो. चार महिने महासतीजी गावात असतात, पण त्यातले बरेच दिवस पोरं शाळेत. सकाळच्या व्याख्यानाला बायका आणि म्हातारी माणसं. पोरं मोकळी होतात ती थेट दिवाळीला, आणि तेव्हा चौमाशाचे जेमतेम पंधरा-वीस दिवस उरलेले असतात. शाळा पुन्हा भरते त्याच सुमारास महासतीजींचा विहार होतो. म्हणजे पोरं आणि महासतीजी, दोघांनाही दिवसभराचा निवांत वेळ आहे असे वर्षातले हेच दिवस. दिवाळीतली पाठशाळा, सुट्टीतलं शिबिर, सामायिक-प्रतिक्रमण तोंडपाठ करून घेणं हे सगळं या फटीत बसवलेलं आहे. शाळेचं वेळापत्रक आखणाऱ्यांच्या डोक्यात चौमासा नव्हता, पण आपल्या आज्या-पणज्यांनी ती फट बरोबर हेरली.

सणही तसेच आलेत. अमावस्येला भगवान महावीरांचं निर्वाण, पाडव्याच्या पहाटे गौतमस्वामींना केवलज्ञान, आणि पाचव्या दिवशी ज्ञानपंचमी. या पंचमीमागे एक अगदी घरगुती कारणही आहे. पावसाळ्यात पोथ्यांना ओल धरते, कसर लागते. जुन्या ज्ञानभंडारांतून कार्तिकाच्या कोरड्या हवेत पोथ्या बाहेर काढायच्या, झटकायच्या, नवी वेष्टनं बांधायची आणि परत ठेवायच्या. आपण गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवतो तसंच. व्यापाऱ्यांच्या नव्या वह्याही याच दिवसांत उघडतात. आमच्या गावाचं नाव चोपडा, हिशेबाच्या वहीला गुजराती माणूस म्हणतो चोपडा, आणि ओसवालांतलं एक गोत्रही चोपडा! तिघांचं काही नातं आहे असं मी म्हणत नाही, पण दिवाळीत हटकून आठवतं खरं.

तर पोथी आणि वही आपल्याकडे पहिल्यापासून होती. हायस्कूल नव्हतं. इंग्रजी शाळा निघाल्या त्या मोठ्या गावांत, आणि आपली माणसं कापसाच्या, धान्याच्या, सावकारीच्या निमित्तानं खेड्याखेड्यांत पांगलेली. पोराला शिकवायचं तर परगावी ठेवणं आलं, आणि परगावी ठेवायचं तर जेवणाचं काय? हे आपल्याच घरांत किती मोठं कोडं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. शाळा सुटायची पाचच्या सुमाराला. कार्तिकात आपल्याकडे सूर्य मावळतो पावणेसहा-सहाला. चौविहार पाळणाऱ्या पोरानं खाणावळीत पोचेपर्यंत अंधार. शिवाय कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, चौमाशात पालेभाजीही नको. कुठली खाणावळ एवढं सांभाळणार? जैन बोर्डिंगांचा इतिहास लिहिणारे समाजाची उन्नती, शिक्षणाचा प्रसार असे मोठे शब्द वापरतात. माझ्या मते बोर्डिंग निघाली ती शाळा सुटणं आणि सूर्य मावळणं यांच्यामधल्या एका तासासाठी. त्या तासात चाळीस-पन्नास पोरांच्या पोळ्या लाटून, वरण किंवा कढी करून, पंगत उठवून भांडी घासणारं कुणीतरी हवं होतं.

मुंबईला दानवीर माणिकचंद हिराचंद यांनी १९०० साली वडिलांच्या नावानं, म्हणजे हिराचंद गुमानजींच्या नावानं, बोर्डिंग काढलं. पुढे त्यांच्या मदतीनं गावोगावी बोर्डिंगं निघाली. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेनं १९१५ साली मुंबईतच श्री महावीर जैन विद्यालय सुरू झालं. वऱ्हाडात कारंज्याला १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम निघाला. पाथर्डीला १९२३ साली तिलोक जैन विद्यालय आणि आपल्याला जवळचं म्हणजे चांदवडला १९२८ साली श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम. नाशिक-खानदेशातल्या ओसवाल घरांत चांदवडला शिकून आलेला एखादा काका-मामा असतोच. या संस्थांच्या भिंतींवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या आहेत, आणि त्या असाव्यातच. पण पोळ्या लाटणारीचं नाव असलेली पाटी मी अजून पाहिलेली नाही.

म्हणून मला आज एका बाईबद्दल सविस्तर लिहायचंय. त्या आपल्या ओसवाल नव्हेत, दक्षिण महाराष्ट्रातल्या दिगंबर जैन. लक्ष्मीबाई पाटील, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी.

भाऊरावांचा जन्म १८८७ चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. शिकायला ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. तिथे असताना अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर त्यांना सांगितलं गेलं, आंघोळ करून मगच आत ये. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगातून त्यांचं नाव कमी झालं. ही गोष्ट आपल्या समाजाच्या कार्यक्रमांत ‘कर्मवीर आपलेच’ असं अभिमानानं सांगताना बहुधा गाळली जाते. आपलेच होते, आणि आपल्याच पंगतीतून उठवले गेले होते. दोन्ही सांगायला हवं.

४ ऑक्टोबर १९१९ ला, दसऱ्याला, सातारा जिल्ह्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह आलं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहणार आणि एका पंगतीत जेवणार. १९२७ साली गांधीजी तिथे येऊन गेले आणि ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ हे नाव त्यांच्या हस्ते दिलं गेलं. हे सगळं पुस्तकांत आहे. मला थांबावंसं वाटतं ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी.

लक्ष्मीबाई खात्यापित्या पाटलाच्या घरातल्या, सोवळं-ओवळं पाळणाऱ्या. पाण्याचं भांडं कुणी शिवलं, चुलीशी कोण आलं, याचा हिशेब बायकांनीच ठेवायचा असतो. तो मोडला तर पहिला बोल बायकांनाच लागतो. नवऱ्यानं समारंभात भाषण करणं वेगळं आणि त्या पोरांचं उष्टं काढणं वेगळं. लक्ष्मीबाईंनी ते केलं. या पोरांना त्यांनी रांधून वाढलं, आजारपणात त्यांच्या उशाशी बसल्या. पैसे कमी पडले तेव्हा एकेक करून दागिने गेले, आणि एकदा धान्य संपलं, पोरं उपाशी राहायची वेळ आली तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. त्या काळी सवाष्ण बाईनं रिकाम्या गळ्यानं वावरणं म्हणजे काय, ते आपल्याला समजतं. पुरुष लेखक त्याला ‘त्याग’ म्हणून पुढच्या ओळीकडे जातात. मी मात्र विचार करते की दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या नजरेला त्यांनी कशी नजर दिली असेल. १९३० साली त्या गेल्या. भाऊराव पुढे १९५९ पर्यंत जगले, पद्मभूषण झाले, आणि संस्था महाराष्ट्रभर पसरली.

दिवाळीच्या सुट्टीशी याचा काय संबंध? सरळ आहे. वसतिगृहाची खरी परीक्षा सुट्टीतच असते. शाळा चालू असताना तिथे सगळेच विद्यार्थी. सुट्टी लागली की ज्याला जायला घर आहे, घरात चूल पेटतेय, तो ट्रंक उचलतो. मागे राहतो तो ज्याला तसं घर नाही तो. त्या दिवशी त्याच्या ताटात रोजचंच वरण-भाकरी पडतं की कुणी चार करंज्या तळून ठेवते, यावर त्याच्यासाठी ती इमारत वसतिगृह राहते की घर होते ते ठरतं.

आपल्या भागात हे ओळखणारा एक पुरुष होऊन गेला. तापीपलीकडे, अमळनेरला. साने गुरुजी १९२४ साली तिथल्या शाळेत शिक्षक झाले आणि छात्रालयाचं कामही त्यांच्याकडे आलं. १९३० साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत ते तिथे होते. पोरांच्या खोल्या झाडणं, अस्ताव्यस्त पडलेलं सामान लावून ठेवणं, दुखण्यात रात्र जागणं, शिवाय रोज हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढणं. मुलांनी उठल्यावर वाचायचं वर्तमानपत्र! खोली झाडून ठेवणाऱ्या या शिक्षकाचं आपण सगळे कौतुक करतो. मीही करते. पण तेच काम बाई करते तेव्हा ते कुणी लिहून ठेवत नाही, एवढं म्हणून पुढे जाते.

मुलींचं काय? माणिकचंदांची मुलगी मगनबाई लहान वयात विधवा झाली. वडिलांनी तिला शिकवलं आणि तिनं कंकुबाई, ललिताबाई यांच्या साथीनं मुंबईत श्राविकाश्रम चालवला, तरुण विधवांनी शिकून पायावर उभं राहावं म्हणून. पुढे सोलापूरच्या श्राविका संस्थेत पंडिता सुमतीबाई शहांनी हेच काम केलं. सणावाराला विधवेनं माजघरात, मागे राहायचं तो काळ. अशा मुलीला दिवाळीला घरी जायची ओढ किती असेल, आणि भीतीही किती! निर्वाणाच्या दिवशी भल्या पहाटे आश्रमातल्या सगळ्याजणी बरोबरीनं पूजेला बसत असतील, तेव्हा त्यांच्यात कुणी अपशकुनी नव्हती.

घर न सोडता शिकायची वाट आपल्या स्थानकवासी बायकांना मिळाली ती पाथर्डीमुळे. आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेनं १९३६ साली तिथे श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड सुरू झालं. पुस्तकं ठरलेली, पायऱ्या ठरलेल्या, छापील प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका तपासून निकाल. आज यात विशेष वाटणार नाही. पण चौथी-पाचवीत शाळा सुटलेल्या, पदर डोक्यावरून न ढळू देणाऱ्या सुनेला पुन्हा हातात पेन धरून प्रश्नांची उत्तरं लिहायची संधी मिळाली, आणि सासरा अडवू शकत नव्हता, कारण परीक्षा धर्माची! माझ्या सासूबाईंची अशी प्रमाणपत्रं पत्र्याच्या पेटीत होती, लग्नातल्या शालूच्या खाली. अभ्यास कधी करायच्या विचारलं तर म्हणाल्या, “दिवाळीत. पोरं सुट्टीला घरी असायची ना, त्यांना पाठ द्यायचं म्हणून बसायची. त्यांच्याआधी माझं पाठ व्हायचं.”

आता सुट्टी आखडलीय. काही शाळांत ती आठ-दहा दिवसांवर आली, दहावीवाल्यांना क्लास सुटत नाही, आणि उरलेल्या दिवसांत लोक गाडी काढून फिरायला जातात. जाऊ देत, मीही जाते. पण गेल्या दिवाळीत आमच्या स्थानकातल्या पाठशाळेत अकरा पोरं होती, आणि महासतीजी त्या अकरांना तितक्याच मनापासून शिकवत होत्या. पंगत ठेवली होती शेवटच्या दिवशी: मुगाचं वरण, कच्च्या केळ्याची भाजी, पुरी, शिरा. वाढायला सात बायका. स्थानकामागच्या घराचं काम चालू होतं. तिथल्या मजुरांची दोन पोरं, सातपुड्याकडची, आश्रमशाळेला सुट्टी म्हणून आईबापाबरोबर आलेली, दाराशी उभी राहून बघत होती. आमच्यातल्या एका काकूंनी कुणाला न विचारता दोन पाट मांडले. एक-दोघींच्या कपाळावर आठी आली, ती मी पाहिली. पण पोरं जेवली. मोठी सहावीत होती. तिनं भिंतीवरचा नवकार अक्षर लावून वाचून दाखवला, तेव्हा महासतीजींनी तिला पुढे बोलावलं आणि पुन्हा वाचायला सांगितला.

माझी एक विनंती आहे. तुमच्या माहेरी-सासरी कुणी जुन्या जैन बोर्डिंगात स्वयंपाकाला, देखरेखीला किंवा कोठीघर सांभाळायला होतं का? कोठीच्या वह्या असतील, किती शेर तूरडाळ, किती पायली गहू, दिवाळीला किती गूळ आणला, कोण पोरं सुट्टीत मागे राहिली, असं काहीही असेल तर मला कळवा. रद्दीत घालू नका. वही कसरीनं खाल्लेली असली तरी चालेल.