चौथा खांदा

१८७४ साल, रायचूर. दुष्काळात वडील आधीच गेले होते, काही महिन्यांत आईही गेली. स्मशान तीन मैल लांब. गावोगाव पुराणं सांगत फिरणारं हे परकं, कफल्लक कुटुंब. खांदा द्यायला ब्राह्मण मिळेनात. शेवटी दोघांना दया आली. तिसरा खांदा मुलाचा, श्रीनिवासचा. चौथा, सोळा वर्षांच्या मुलीचा. ती बुटकी, तिरडी तिच्या खांद्याला टेकेना. मग तिने आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला आणि चालत राहिली.

ही मुलगी म्हणजे रमा डोंगरे. शाळेच्या पुस्तकात आपल्याला भेटतात त्या पंडिता रमाबाई. तिथे सहसा दोन ओळी असतात: स्त्रीशिक्षणासाठी कार्य केलं, ख्रिस्ती धर्म स्वीकारला. दुसरी ओळ जरा घाईनेच उरकलेली असते. का स्वीकारला, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर तयार असतं, ‘मिशनऱ्यांनी भुलवलं.’ भागवताचे अठरा हजार श्लोक तोंडपाठ असलेल्या बाईला भुलवणं इतकं सोपं असेल?

वडील अनंतशास्त्री. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांच्यावर धर्मसभेपुढे बाजू मांडायची वेळ आली होती. त्या आईनेच रमेला शिकवलं. आईवडील गेल्यावर ही भावंडं पायी भारतभर फिरली. थंडीत पांघरायला काही नाही, म्हणून झेलमच्या काठी वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेऊन रात्र काढलेली. व्रतं, तीर्थं, उपास, सगळं करून झालं. देव काही भेटला नाही.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. बायकांपुढे शास्त्रांवर बोल, असा आग्रह झाला, म्हणून तिने धर्मशास्त्राचे ग्रंथ नीट वाचायला घेतले. एक गोष्ट तिच्या लक्षात आली. हे ग्रंथ जवळपास प्रत्येक मुद्द्यावर एकमेकांशी भांडतात, पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत: बाई मुळातच वाईट, आणि बाईला व शूद्राला मोक्षाची वाट बंद. नवरा हाच बाईचा देव. म्हणजे इतकी वर्षं जे मुखोद्गत केलं, त्यात आपल्यासाठी जागाच नव्हती.

पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावींशी आंतरजातीय लग्न झालं. दोन वर्षांच्या आत तेही गेले आणि मांडीवर राहिली लहानगी मनोरमा. पुण्यात येऊन रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ मध्ये डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंड गाठलं. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे ते राहून गेलं.

वॉंटेजच्या ज्या जोगिणींच्या मठात (‘सिस्टर’ला दुसरा शब्द मला सुचत नाही) त्या उतरल्या होत्या, त्यांचं लंडनमध्ये फुलहॅमला एक घर होतं. समाज ज्यांना ‘पतित’ म्हणतो अशा बायकांसाठी. त्या घरात रमाबाईंनी जे पाहिलं त्यावर त्यांचा विश्वास बसेना. ज्या बाईला आपल्याकडे वाऱ्यालाही उभं करत नाहीत, तिच्याशी या बायका मायेने वागत होत्या. हे कशामुळे, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचायला दिला. त्यात विहिरीवर एकटी पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई आहे. परक्या, हलक्या मानलेल्या जमातीतली, पाच नवरे झालेली. येशू तिच्याकडे पाणी मागतो. आणि धर्माबद्दल, थेट देवाबद्दल, तिच्याशी बोलत बसतो.

रमाबाईंना हलवलं ते इथे. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथे गोड झाली असती. पण ‘आपल्यात घेणं’ ही भानगड तिकडेही अटींची होती. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असं रमाबाईंनी विचारलं. मांस-अंड्याला त्या शिवल्या नाहीत, तर ‘अजून जात सुटली नाही’ असा ठपका आला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का यावरून बिशप मंडळी अस्वस्थ झाली. यावर रमाबाई भडकल्या. एका पुरोहितशाहीतून कशीबशी सुटले ती दुसरीच्या हाती जायला नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी कळवून टाकलं. मला रमाबाई सगळ्यात जास्त आवडतात त्या या पत्रव्यवहारात. ख्रिस्त मान्य, पण त्याचे मुकादम नाहीत.

इकडे १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, प्रामुख्याने विधवांसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. शिकवताना धर्म मध्ये आणणार नाही, असा शब्द होता. पण रमाबाई सकाळी प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं, आणि काही मुली आत येऊन बसायच्या. यावरून ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकार अगदीच चुकीचे होते असं मला वाटत नाही. ज्या बाईच्या पुण्याईवर मुलीला छप्पर आहे, तिचं उघडं दार हेसुद्धा एक बोलावणंच असतं. फक्त एक आहे, त्या मुलींसाठी दुसरं कुठलं दार उघडं होतं? याच सदनातल्या गोदूबाईंशी त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं, आणि कर्व्यांवरही बहिष्कार पडला.

त्याच सुमारास रमाबाईंनी स्वतःबद्दलही एक कबुली दिली: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलेली गोष्ट. त्याआधी त्यांना तत्त्वं पटली होती. आता, आपण आहोत तशा चालतो, हे पटलं.

मग दुष्काळ. १८९६-९७ ला मध्य प्रांतात अन्नान्न दशा झाली, आणि रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. लहानपणी दुष्काळ अंगावर काढलेल्या बाईला कुणी वर्णन करून सांगायची गरज नव्हती. शेकडो बायका-मुली त्यांनी केडगावला आणल्या. पुणे-सोलापूर रेल्वेवरचं हे दौंडजवळचं गाव. तिथल्या माळरानावर ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती २००० च्या घरात गेली. विहिरी, शेत, माग, छापखाना, सगळं बायकांच्या हाती. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवायची.

याच आवारात एक इमारत होती ‘कृपा सदन’. गावाने, घराने, नवऱ्याने टाकलेल्या आणि ‘बिघडलेल्या’ ठरवलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला पाहिलेलं ते घर.

शेवटची वर्षं रमाबाईंनी एका कामावर घालवली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. संस्कृतने जड झालेलं नाही, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला वाचता यावं असं. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण ग्रंथ छापून आला तो त्यानंतर.